करंजपाड्याचे नारूडॉक्टर

फणसळकर डॉक्टर नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण कोणी त्यांना डॉक्टर म्हटलं तर ते कधी नाही म्हणत नसत, आणि पुढे बोल मला लागायला नको. ते लोकल बोर्डाच्या नोकरीत देवी टोचणारे होते. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या वाड्यापाड्यांवर पायी फिरायचं, पोरांच्या दंडावर लस टोचायची, आठवड्याने फोड धरला की नाही ते पाहायला परत जायचं, हे त्यांचं काम. अशा माणसाला आमच्याकडे देवीडॉक्टर म्हणतात. "दंड बघण्यात जन्म गेला, आता पाय बघतो," असं ते मला पहिल्या भेटीत म्हणाले. मी तेव्हा मुरबाडच्या दवाखान्यात नव्याने लागलेली नर्स होते. मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतो.

पाय बघतो म्हणजे नारू बघतो. शहरातल्या वाचकांनी नारू पाहिला नसेल, आणि न पाहिलेलाच बरा. पायावर आधी फोड येतो, त्याची अशी आग होते की माणूस पाणी दिसेल तिथे पाय बुडवतो. फोड फुटला की आतून शेवयांसारख्या पांढऱ्या जंताचं तोंड दिसतं. तो हातभर लांब असतो. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा, त्यात तीन-चार आठवडे जातात. तुटला तर पाय सुजतो, पिकतो आणि पुष्कळदा घोटा कायमचा आखडतो. हे सगळं चैत्रात सुरू होऊन भाताच्या लावणीपर्यंत चालायचं. ज्या घरातला कर्ता माणूस लावणीला खाटेवर, त्या घराचं ते वर्ष गेलंच म्हणायचं.

आमची पहिली भेट एका तुटलेल्या नारूवरून झाली. रोगी कण्हत होता, मी चिमट्याने उरलेला तुकडा शोधत होते, आणि दारातून एक खाकी कोटवाला माणूस छत्री मिटत आत आला. माझ्याकडे पाहिलंच नाही. रोग्याच्या पायाकडे वाकून म्हणाला, "बाई, ओढायचा नाही. बोलवायचा." मी पुण्याला शिकून आलेली, अंगात ताजी रग होती. म्हटलं, "मग बोलवा की." त्यांनी खरंच बसकण मारली. गार पाण्याची घडी ठेवली, घोट्याच्या वरून अंगठ्याने हलकं हलकं चोळत राहिले, मधेच पुटपुटत, "ये बाबा, इथे तुझं काही काम नाही." तासाभराने बोटभर तुकडा बाहेर आला. मला राग आला होता, पण त्या दिवसापासून मीही तसंच करायला लागले, हे कबूल करते.

माणसाचं तोंड त्यांच्या लक्षात राहत नसे, पाय राहत. एकदा शहापूरच्या बाजारात एका गृहस्थाने त्यांना हात धरून थांबवलं, "काय देवीडाक्तर, वळख नाय काय?" फणसळकर गोंधळून पाहत राहिले. मग नजर खाली गेली आणि चेहरा उजळला. "अरे! धसईचा उजवा गुडघा!" बाजारातली माणसं वळून बघायला लागली. त्यांच्या बायकोला, काकूंना, मी हे सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "घरी येतात तेव्हा आधी माझे पाय बघतात. मग मी दिसते."

त्यांच्याजवळ एक जाड वही होती. तीत गावागावाच्या नारूच्या पायांची नोंद असायची: कुणाचा, डावा की उजवा, कुठे निघाला, आणि शेवटच्या रकान्यात हा माणूस पाणी कुठलं पितो. पाच-सहा वर्षं हे लिहीत गेल्यावर त्यांना एक गोष्ट दिसली. सिद्धगडाच्या उतारावरच्या ठाकरवाडीत लोक झऱ्याचं वाहतं पाणी पीत, तिथे नारू नव्हताच. खाली करंजपाड्यात चिरेबंदी, पायऱ्या असलेली सुरेख विहीर होती. तिकडे तिला बाव म्हणतात. पंचक्रोशीत तिचं नाव, आणि नारूही तिथेच सगळ्यांत जास्त. हे त्यांनी गावात सांगितलं तेव्हा गणू पाटील म्हणाला, "ठाकरं नाचनी खातात, म्हनून त्येंना होत नाय." फणसळकरांनी महिनाभर ठाकरवाडीत मुक्काम करून भात खाल्ला आणि नाचणी खाणाऱ्या ठाकरांनाही भात घातला. त्यातून काय सिद्ध झालं ते मला कधी कळलं नाही, पण ठाकरवाडी त्यांच्यावर खूष झाली.

मग ते बावीच्या काठावर बसायला लागले. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, छत्री उघडून. कोण उतरतं, कुठल्या पायरीपर्यंत, पाण्यात पाय किती बुडतो, हे लिहीत. घरी दुःख सांगता येत नसलेला माणूस असा बसतो, असा गावाने अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशेजारी एक म्हातारा येऊन बसला, तिसऱ्या दिवशीही तोच. चौथ्या दिवशी फणसळकरांनी विचारलं, "आजोबा, तुम्हीपण बघताय का?" म्हातारा म्हणाला, "नाय रे बाबा, पाटलानं सांगितलाय, डाक्तर उडी मारंल, जरा बघ."

त्यांना जे दिसलं ते साधं होतं. नारूवाला माणूस आग शमवायला शेवटच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडी. त्याच पायरीवर बायका घागर बुडवीत. आमच्या दवाखान्याच्या साहेबांकडे येणाऱ्या इंग्रजी मासिकात पुढचं सगळं होतं. पायातून सुटलेली नारूची पिलं पाण्यातली बारीक पिसू गिळते, ती पिसू माणूस पाण्याबरोबर पितो, आणि वर्षाने त्याच्या पायातून नवा नारू निघतो. त्याच मासिकात नारूच्या गोतातल्या दुसऱ्या एका जंताचीही हकिगत होती. आफ्रिकेत नदीकाठची एक माशी चावते, तिच्यातून तो अंगात शिरतो आणि माणसाला आंधळं करतो. काठावरची गावंच्या गावं ओस पडलेली. साहेबांनी अर्थ सांगितला तेव्हा फणसळकरांनी तो वहीत उतरवून घेतला. मग म्हणाले, "तिकडे नदी सोडून जावं लागतं, बाई. आपल्याला पायऱ्या तेवढ्या सोडायच्यात."

पण पायऱ्या सोडायला सांगणार कोण? त्यांनी आधी सोपा मार्ग धरला, पाणी गाळून पिण्याचा. धोतराच्या जुन्या पानाचे चौकोन कापले आणि घरोघर वाटले. खिशात सुईदोऱ्याची डबी कायम असायची. प्रत्येक चौकोनाच्या कडा त्यांनी स्वतः दुमडून शिवल्या. पटावं म्हणून बायकांना भिंगातून फडक्यावरची पिसू दाखवली. वळवळणारी, जिवंत. "हे बघा, हे तुम्ही पीत होतात."

बायका भ्याल्या नाहीत. त्यांना पिसवांची दया आली. गावची सुईण पारूआय, माझ्याहून तीसएक वर्षांनी मोठी आणि माझ्या हातून होणाऱ्या प्रत्येक बाळंतपणात खोट काढणारी, भिंगाला डोळा लावून म्हणाली, "गो बाय, ह्येंना बी जीव हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बायका पाणी गाळल्यावर फडकं तसंच बावीवर नेऊन पाण्यात हळूच झटकायला लागल्या. ज्यांना एवढं लांब जायचा कंटाळा, त्या फडकं उलटं करून पुढच्या घागरीवर बांधत, म्हणजे पिसू आपसूक पाण्यात जाते आणि पाप लागत नाही. पुढच्या चैत्रात नारू जसाच्या तसा आला. फणसळकर चार दिवस सुन्न होते. मग फडक्यांच्या एका कडेला लाल दोरा घालत बसले, लाल बाजू नेहमी वर राहावी म्हणून. पण त्यांचं त्यांनाच कळलं होतं की हे पुरणार नाही. पायऱ्या बुजवायला हव्या, वर कठडा हवा आणि पाणी दोरीने वरूनच ओढायला हवं. आणि नोकरीचं दीडच वर्ष उरलं होतं.

ठाण्याला बोर्डाकडे त्यांनी अर्ज केले. देवी टोचणाऱ्याने देवी टोचाव्यात, असं एक उत्तर आलं. आमच्या साहेबांनी मधे पडून शेवटी चुना आणि दगड मंजूर करून घेतला, पण अट होती: मेहनत गावाची, आणि कागदावर घरटी एक अंगठा हवा. आता फणसळकरांनी कधी नव्हे ते घाई केली. पाटलाच्या ओटीवर बसून त्यांनी सांगितलं, "बाव बंद केली की नारू बंद." मी तिथे होते. मला ते वाक्य खटकलं, कारण मासिकातलं वर्षाचं गणित मलाही ठाऊक होतं. पण मी गप्प बसले. पाटील राजी होत होता, मोडता घालायला कोण जाणार?

अंगठे आले, पण पारूआयने एकाही बाईचा हात दगडाला लागू दिला नाही. तिकडे बाळंतीण बाराव्या दिवशी बावीवर जाते. सुईण तिला हाताला धरून शेवटच्या पायरीपर्यंत उतरवते, पाण्याला हळदकुंकू वाहून घेते, आणि त्यानंतर ती बाई घरात पाण्याला हात लावायला मोकळी होते. "पायऱ्या गेल्या तर मी बाळंतनीला उतरवू कुठं? तुझ्या डोसक्यावर?" पारूआयने विचारलं. फणसळकर हसले नाहीत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन म्हणाले, "पारूआई, तुम्हाला खाली उतरायचंय की त्या पायरीवर उभं राहायचंय?"

म्हातारीने नाही म्हटलं नाही. वैशाखात पाणी तळाला गेलं तेव्हा गावाने शेवटच्या पायरीचा दगड दोरखंड लावून वर ओढला. कित्येक पिढ्यांच्या पावलांनी त्याला मधोमध खळगा पडला होता. कठड्याबाहेर, पूर्वेला तोंड करून तो बसवला. पारूआय सगळ्यांना बाजूला सारून त्यावर अनवाणी चढली, डोळे मिटून घटकाभर उभी राहिली. "गार हाय," ती म्हणाली. "चालंल." त्याच आठवड्यात पायऱ्या बुजल्या, कप्प्या बसल्या, आणि मृगाच्या आधी काम उरकलं. त्याच सालात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि फणसळकर नोकरीतून सुटून शहापूरला घरी बसले. ते इतके खुषीत होते की काकू मला म्हणाल्या, "यांना कोणीतरी सांगा, हे लग्न नव्हे."

पुढचा चैत्र आला, आणि करंजपाड्यात नारू आला. कमी नाही, होता तेवढाच. मी बाळंतपणाला गेले तर ओट्याओट्यावर पाय वर करून माणसं बसलेली. गणू पाटलाच्या गुडघ्यातून निघाला होता. गावात एकच बोलणं, बावीचा कोप झाला, पाटलाच्या वाड्यात पहारी गोळा झाल्यात, रविवारी कठडा फोडणार. मी मुरबाडला येऊन शहापूरला निरोप धाडला. फणसळकर दुसऱ्या दिवशी बैलगाडीने हजर. मीही त्यांच्याबरोबर करंजपाड्याला गेले.

मारुतीच्या देवळापुढे गाव जमलं. पाटील लंगडत आला, हातात पहार.

"डाक्तर, तुमी काय बोलला व्हता? बाव बंद केली की नारू बंद. मंग ह्यो काय हाय?" त्याने धोतर वर करून गुडघा दाखवला.

फणसळकर त्या गुडघ्याकडे पाहत राहिले. सवयीने खाली बसून हात लावायला निघाले होते, ते थांबले. "पाटील, हा गेल्या वर्षीच्या पाण्याचा आहे," ते म्हणाले. "नारू पोटात गेल्यापासून बाहेर यायला वर्ष लागतं. बाव बंद व्हायच्या आधी तुम्ही जे प्यालात ते आता निघतंय. हे मला माहीत होतं. मी बोललो नाही."

"का नाय बोलला?"

"बोललो असतो तर तुम्ही अंगठे दिले नसते. मी भ्यालो."

देवळापुढे कलकलाट झाला. कोणी म्हणालं, आता वर्षाने आणखी काय सांगणार? कोणी पहार उचलली. मला वाटलं, संपलं. आयुष्यभर चालून या माणसाने एकच काम हाती घेतलं, आणि आता ते त्याच्या डोळ्यांदेखत फुटणार. मला रडू येत होतं, आणि त्यांच्यावर रागही आला होता. एवढं खरं बोलणारा माणूस, नेमक्या त्या एका दिवशी गप्प का बसला?

तेवढ्यात पारूआय उठली.

"पाटला," ती म्हणाली, "तुझा धाकला नातू कवा झाला?"

"ह्यो काय सवाल हाय आय?"

"बोल ना. पुसात झाला. आनि पोट कवा राह्यलं? चैतात. मंग चैतानंतर तुझ्या पोराला मी मुंबईला धाडला असता, तर तो नातू झाला नसता काय?" बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "जे आत शिरलाय ते दिस भरले की भायेर येनारच. आता बाव बंद हाय, नवीन काय शिरत नाय. ह्ये नारू जुन्या पान्याचं. मी शंभर बाळंतपनं केली, मला ह्ये कळतंय, तुला कळत नाय व्हय? पुढल्या सालापत्तूर कोन बी कठड्याला हात लावल त्येच्या घरचं बाळंतपन मी करनार नाय."

हा हुकूम होता आणि गावात त्यावर अपील नव्हतं. पहारी खाली आल्या. मग ती फणसळकरांकडे वळली.

"आनि तू रे. शिकला-सवरला. भ्यालास? आमी काय भीत नव्हतो? सांगितला असतास तर मी तवाच सांगितला असता त्येंना." फणसळकर मान खाली घालून उभे होते. "आता ह्या साली गावचं जेवढं नारू हायत, तेवढं तूच काढायचं. सगळं. तवर घरी जायाचं नाय."

ते दोन महिने शाळेच्या पडवीत राहिले. रोज सकाळी पाटलापासून सुरुवात, संध्याकाळी शेवटचं घर. प्रत्येक पायाची वेगळी काडी, काडीवर दोऱ्याने ओळखीची खूण, रोज बोटभर. पाटील पहिला आठवडा बोललाच नाही, दुसऱ्या आठवड्यात गूळ घालून चहा देऊ लागला. पारूआय दिवसातून एकदा येऊन तपासून जाई. एक नारू तुटला तेव्हा तिने त्यांना असं झाडलं की मला माझं शिकाऊपण आठवलं. मी आठवड्याला औषधं घेऊन जायची तेव्हा ते कोणाच्या तरी घोट्याशी वाकून बसलेले असत. शिक्षा झालेला माणूस इतका सुखी मी दुसरा पाहिला नाही. एकदा म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहिलो. आत आता आलोय."

पुढच्या वर्षी चैत्रात त्यांनी मला पत्र पाठवून विचारलं, काही ऐकलंत का? मी लिहिलं, काही ऐकलं नाही. वैशाखात पुन्हा तेच. ज्येष्ठात काकूंनी लिहिलं की हे जेवत नाहीत. आषाढात ते स्वतःच आले. त्यांचा विश्वास बसत नव्हता, नारू असावेत आणि लोक लपवत असावेत, असं त्यांचं म्हणणं. पट्ट्या, काड्या, दोरा, सगळं पिशवीत भरून आणलं होतं. मला माझी एक बाळंतीण बघायची होतीच, म्हणून मीही सोबत गेले.

करंजपाड्यात शिरलो तर गावात कोणी नाही. पहिल्या घराला कडी. दुसऱ्याला कडी. गेल्या वर्षी याच ओट्यांवर पाय वर करून माणसं बसली होती, तिथे कोंबड्या चरत होत्या. फणसळकर एकेका दारापुढे थांबत, हाक मारत, उत्तर नाही आलं की पुढे जात. पाटलाच्या ओटीवर खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. ते त्या खाटेपुढे थांबले. "बाई, घरी कोणीच नाही," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "घरी कोणीच नाही!" आणि तिथेच ओटीवर बसून त्यांनी टोपीने तोंड झाकलं.

शेतं गावाच्या पलीकडे उतारावर होती. सगळं गाव लावणीत होतं. म्हातारे, बाया, पाटील गुडघाभर चिखलात. पारूआयने आम्हाला बांधावर पाहिलं आणि ओरडली, "डाक्तर, पिशवी घेऊन कुनाकडं आलास? रिकामा हायस तर आवाला लाग, रोपं लाव!"

फणसळकरांनी पिशवी माझ्या हातात दिली, चपला बांधावर काढल्या, धोतर वर खोचलं आणि चिखलात उतरले. मला पलीकडच्या पाड्यावर बाळंतिणीकडे जायचं होतं, म्हणून मी निघाले. त्या पावसाळ्यानंतर माझी कसाऱ्याला बदली झाली आणि पुन्हा त्यांची भेट झाली नाही. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते पाटील आणि पारूआय यांच्या मधे वाकून रोपं लावत होते. त्यांची ओळ वाकडी जात होती, म्हातारी त्यांना शिव्या देत होती, आणि ते कोणाच्याही पायाकडे बघत नव्हते.